मुकादमापासून मंडळापर्यंत

आपल्या घरीं वाण्याकडून तांदळाचें पोतें येतें, तेव्हां आपण त्याचा भाव विचारतों, तांदूळ जुना कीं नवा हें पाहतों. परंतु शेतांतून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतांना तें किती पाठींवरून उतरलें, हें विचारण्याचें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. त्या पाठी ज्यांच्या, त्या माणसांना काम कोण देतें, सकाळीं तीं कोणाच्या दारीं उभीं राहतात, संध्याकाळीं पैसे कोणाकडून घेतात आणि म्हातारपणीं त्यांचें काय होतें, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. काम करणारा आणि काम करून घेणारा या दोघांची गांठ घालून देणारा जो तिसरा असतो, त्याचा हा थोडक्यांत इतिहास आहे, असें म्हटलें तरी चालेल. हा तिसरा कधीं रूढीच्या रूपानें वावरला, कधीं मुकादमाच्या, कधीं कायद्यानें स्थापलेल्या मंडळाच्या. आणि आज तो आपल्या हातांतल्या मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसला आहे.

प्रथम आपल्या खेड्यांकडे पाहूं. जुन्या गांवगाड्यांत या तिसऱ्या माणसाची गरजच नव्हती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, गुरव, महार, मांग इत्यादि बलुतेदार पिढ्यान् पिढ्या गांवाचीं कामें करीत आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपानें आपलें बलुतें घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत या व्यवस्थेचें फार बारकाईनें वर्णन केलेलें आहे. तींत कामकऱ्याचा प्रवेश अर्जानें होत नसे, जन्मानें होत असे. नांगर मोडला तर कोणत्या सुताराकडे जावें, हा प्रश्न कुणब्याला पडत नसे. आणि उद्यां काम मिळेल कीं नाहीं, ही चिंता सुताराला नसे. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी कीं, वांट्याला आलेलें काम टाकून देण्याची मुभा कोणालाच नव्हती. महार वतनदाराला तर थोड्याशा जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यांत सरकारची आणि गांवाची रात्रंदिवस चाकरी करावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती करण्यासाठीं जें बिल आणलें, त्याचें मूळ या जाचांत होतें. पुढें १९५८ सालच्या कायद्यानें हीं कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं. सारांश, गांवगाड्यांत कामाची शाश्वति होती, पण तिची किंमत स्वातंत्र्यानें मोजावी लागत असे. आणि ती किंमत सर्वांना सारखी पडत नव्हती.

आतां मुंबईकडे वळूं. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं तेथें सुताच्या गिरणीची कंपनी काढली व १८५६ सालीं तिचें काम सुरू झालें. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० सालीं प्रिन्सेस गोदी बांधून तयार झाली. कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें या नगरीकडे धांवलीं. गांवाकडे प्रत्येकाचें काम जन्मतःच ठरलेलें होतें. येथें तर त्याला कोणी ओळखतही नव्हतें. गिरणीच्या गोऱ्या किंवा पारशी मॅनेजरला मराठी कामगाराची भाषा येत नसे आणि कामगाराला मॅनेजरच्या कचेरीचा दरवाजा कोठें आहे हेंही ठाऊक नसे. या दोघांच्या मध्यें जो उभा राहिला तो मुकादम. गिरणींत त्याला जॉबर म्हणत, बंदरावर टोळीवाला म्हणत, आणि बायकांच्या खात्यांत तीच जागा नायकिणीची असे.

या मुकादमाला केवळ खलपुरुष ठरविणें हें इतिहासाला धरून होणार नाहीं. नवख्या माणसाला तो बोटाला धरून शहरांत आणी. राहण्याला गाळा, जेवण्याला खाणावळ, उधारीला वाण्याचें दुकान आणि अडीनडीला रोख पैसा, हें सर्व त्याच्या शब्दावर मिळे. गांवीं कोणी आजारी पडलें तर मनिऑर्डर करण्यापुरते पैसे तोच काढून देई. पण या उपकाराची वही त्याच्याच हातीं असे. कामावर घेणें त्याच्याकडे, काढून टाकणें त्याच्याकडे, मजुरी वांटणें त्याच्याकडे आणि तींतून दस्तुरी कापणेंही त्याच्याकडे. १९२९ सालीं नेमलेल्या व्हिटले कमिशननें १९३१ सालीं आपला अहवाल सादर केला. जॉबरच्या हातीं एवढी सत्ता असल्यामुळें लांचलुचपत माजते, हें त्यांत स्पष्टपणें नमूद केलेलें असून, कामगार घेण्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमावेत अशी शिफारस होती. त्यानंतर १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें बदली कामगारांसाठीं एक नवी पद्धत घातली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक माणसांना बदलीचीं कार्डें द्यावयाचीं, त्यांनीं रोज सकाळीं गिरणींत हजर राहावयाचें, आणि रिकाम्या जागा त्यांच्यांतूनच भरावयाच्या, अशी ती योजना होती. जॉबरच्या मर्जीच्या जागीं एक लहानसा कागद आला. गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु कामगाराला आपलें नांव कोठें तरी लिहिलेलें आहे असें सांगतां येऊं लागलें, हा त्या कागदाचा अर्थ होता.

गोदींतली अडचण गिरणीहून निराळी होती. गिरणी रोज चालते. जहाज मात्र आपल्या सोयीनें येतें. एखाद्या दिवशीं दहा जहाजें लागलीं तर माणसें पुरत नसत, आणि पुढचे चार दिवस बंदर मोकळें असलें तर त्याच माणसांची उपासमार होई. काम अनियमित, म्हणून माणूसही अनियमित, असा सर्वांनीं समज करून घेतला होता. तो समज १९४८ सालच्या गोदी कामगार कायद्यानें खोडून काढला. त्यान्वयें १९५१ सालीं मुंबईची योजना झाली व गोदी कामगार मंडळाचें काम सुरू झालें. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं बंदरांत संघटना बांधलेली होती, म्हणूनच कायद्याचा कागद धक्क्यापर्यंत पोंचूं शकला. या योजनेंतील मुख्य कल्पना अशी: कामगारांची एक नोंदवही, मालकांची दुसरी, नोंद झालेल्या मालकानें नोंद झालेल्या कामगारालाच काम द्यावें, पाळी क्रमानें लागावी, आणि जो कामगार हजर राहिला परंतु ज्याला काम मिळालें नाहीं, त्यालाही हजेरीबद्दल कांहीं मिळावें. काम अनियमित असलें तरी भूक नियमित आहे, हें कायद्यानें येथें मान्य केलें. पेट्यांच्या वाहतुकीमुळें बंदराचें स्वरूप पालटलें आणि १९९४ सालीं हें मंडळ पोर्ट ट्रस्टमध्यें विलीन झालें. पण त्याची कल्पना तत्पूर्वींच बंदराबाहेर पडून बाजारांत शिरली होती.

श्रोतेहो, बाजारांतला प्रश्न सर्वांत अवघड होता, आणि तोच माझ्या आजच्या भाषणाचा गाभा आहे. मस्जिद बंदरच्या बाजूला धान्याच्या, किराण्याच्या व लोखंडाच्या पेढ्या. मूळजी जेठा मार्केटांत कापडाच्या गांठी. तेथें माथ्यावर ओझें वाहणारा तो माथाडी. तो सकाळीं एका पेढीचा ट्रक उतरवी, दुपारीं दुसऱ्या पेढीचीं पोतीं थप्पीला लावी, संध्याकाळीं तिसऱ्याचा माल भरून देई. आतां सांगा, त्याचा मालक कोण? पेढीवाला म्हणे, हा माझा नोकर नव्हे, मुकादमाचा माणूस आहे. मुकादम म्हणे, मी तर यांच्यांतलाच एक. ट्रकवाला म्हणे, माझें काम माल पोंचविण्याचें. कामगारांविषयीं जेवढे म्हणून कायदे झाले होते, ते सर्व 'मालक' या शब्दापासून सुरू होत. आणि माथाड्याला मालकच नव्हता. म्हणून भरपगारी रजा नाहीं, प्रॉव्हिडंट फंड नाहीं. पोतें अंगावर पडून कंबर मोडली तर विचारणारें कोणी नाहीं.

सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत १९३३ सालीं जन्मलेले अण्णासाहेब पाटील हे स्वतः ओझीं वाहिलेले गृहस्थ. १९६० च्या दशकांत त्यांनीं या विखुरलेल्या टोळ्यांची संघटना केली. मोर्चे झाले, संप झाले. आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतांना १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा संमत झाला. पुण्यांत बाबा आढाव यांनीं हमाल पंचायतीच्या द्वारें याच वर्गाची चळवळ १९५० च्या दशकापासून चालविली होती, तिचाही येथें उल्लेख करणें अवश्य आहे.

या कायद्यानें एक मोठी चतुराईची गोष्ट केली. मालक कोण, हा वाद त्यानें सोडवीत न बसतां बाजूला ठेवला. त्यानें दोहोंच्या मध्यें एक मंडळ उभें केलें. त्यांत कामगारांचे व मालकांचे प्रतिनिधि सारख्या संख्येनें आणि सरकारनें नेमलेले कांहीं सभासद असत. काम कसें चाले तें थोडक्यांत सांगतों. पेढीवाल्यानें मंडळाकडे आपली नोंद करावयाची. कामगारानें अर्ज करून आपलें नांव दाखल करावयाचें. त्याला ओळखपत्र मिळे. कामगारांच्या टोळ्या असत आणि टोळीला पेढ्या नेमून दिलेल्या असत. पोत्यामागें, गांठीमागें किंवा टनामागें हमालीचा दर दोन्ही पक्षांच्या संमतीनें ठरे. महिनाभर झालेल्या कामाची मजुरी पेढीवाल्यानें मुकादमाच्या हातांत न देतां मंडळाकडे भरावयाची, आणि तिच्यावर ठरलेल्या प्रमाणांत लेव्ही भरावयाची. टोळीची कमाई टोळींत सारखी वांटली जाई आणि मंडळ ज्याच्या त्याच्या नांवें ती देई. लेव्हीच्या रकमेंतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, औषधोपचार इत्यादि गोष्टी निघत. अशा रीतीनें कामगार शंभर पेढ्यांचें काम करूनही एकाच वहींत राहिला. आणि म्हातारपणाची शिदोरी त्याच्या नांवें सांचूं लागली. याच धर्तीवर १९८१ सालीं खाजगी सुरक्षा रक्षकांसाठींही महाराष्ट्रांत कायदा झाला.

ही झाली कायद्याची हकीगत. परंतु कायदा वाचणें वेगळें आणि त्यांत नांव घालणें वेगळें. याचा एक घरगुती दाखला देतों. त्याबद्दल श्रोत्यांनीं क्षमा करावी.

आमचे चुलते मस्जिद बंदरला माथाडी होते. वीस माणसांच्या गाळ्यांत ते पाळीपाळीनें झोंपत. शंभर किलोंचें पोतें पाठीवर घेतांना आकडी कोठें लावावी आणि मान कशी सांभाळावी, हें ते मला सुट्टींत घरीं आले म्हणजे हौसेनें दाखवीत. मी तेव्हां अकराबारा वर्षांचा होतों. एके वर्षीं ते मंडळाच्या नोंदणीचा छापील अर्ज घेऊन गांवीं आले आणि तो त्यांनीं माझ्यापुढें ठेवला. पण भर म्हणून सांगेनात. दोन दिवस तो कागद कोनाड्यांत पडून राहिला. शेवटीं माझ्या वडिलांनीं कारण विचारलें. चुलते म्हणाले, "आरं, त्या मुकादमानं मला बोटाला धरून म्हमईला न्हेलं. हिच्या दुखण्याला तीनशे रुपय त्यानंच दिलं. आता ह्यो कागद भरायचा म्हंजी त्याच्या हातातली वही काढून घ्यायची. त्याच्याच गावात ऱ्हाऊन?"

वडील कांहीं बोलले नाहींत. त्या तीनशें रुपयांची फेड कशी करावयाची हें मात्र त्या रात्रीं दोघां भावांनीं बसून ठरविलें, आणि सकाळीं मला अर्ज भरण्यास सांगितलें. जन्मसाल कोणालाच ठाऊक नव्हतें. तें आजीच्या आठवणीवरून बांधलें. पुढच्या वर्षीं मे महिन्यांत आमच्या ओसरीवर दुसरा एक गृहस्थ तसलाच कागद घेऊन येऊन बसला. तो तो मुकादम होता. त्यानें सदरा काढून खुंटीवर ठेवला, तेव्हां मीं पाहिलें कीं, त्याच्याही मानेमागें चुलत्यांच्या मानेसारखाच कठीण गोळा आलेला होता. त्याचाही अर्ज मींच भरला. चुलत्यांनीं त्याला चहा दिला. दोघेही त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहींत.

ही गोष्ट येथें संपविली असती तर ती फार गोड झाली असती. पण इतिहासाच्या मास्तराला तसें करण्याची सोय नाहीं. चुलते निवृत्त झाल्यावर त्यांच्या फंडाची रक्कम आठ महिने अडकून पडली. एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत त्यांना खेटे घालावे लागले. कारण असें कीं, मंडळाच्या वहींत त्यांचें घरांत हांक मारण्याचें नांव होतें आणि इतर सर्व कागदांवर पाळण्यांतलें. तें नांव लिहिणारा हात माझाच होता. ज्या वहीनें त्यांचें रक्षण केलें, त्याच वहीनें, एका पोराच्या अजाणतेपणामुळें, त्यांना दारांत उभें केलें. अखेर प्रतिज्ञापत्र करून पैसे मिळाले, आणि त्यांवर चुलतीची अखेरचीं वर्षें सुखानें गेलीं. परंतु नोंदवही हें कसें दुधारी शस्त्र आहे, हें मी तेव्हां शिकलों. त्यानंतर शाळेच्या दाखल्यावर मुलाचें नांव लिहितांना दोनदां विचारल्यावांचून मीं कधीं लेखणी टेंकली नाहीं.

या व्यवस्थेंत दुसरेही दोष शिरले, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्याचें नांव वहींत तो आंत, ज्याचें नाहीं तो बाहेर. आणि बाहेर राहिलेल्यांची संख्या कांहीं थोडी नव्हती. आंतील जागेला मोल आलें, तेव्हां तिचा व्यवहारही होऊं लागल्याच्या तक्रारी आल्या. माथाडीच्या नांवावर ओझें न उचलतांच पैसे उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या, आणि त्यांची झळ व्यापाऱ्याप्रमाणेंच प्रामाणिक माथाड्यालाही लागली. पेढ्या मुंबईंतून हलून वाशीच्या बाजारांत गेल्या; यंत्रें आलीं; पोतीं लहान झालीं. तरीही ज्यांनीं मुकादमाची वही पाहिली होती, त्यांनीं मंडळाच्या वहीबद्दल कितीही कुरकुर केली तरी, परत जाण्याची इच्छा बोलून दाखविलेली माझ्या ऐकण्यांत नाहीं.

आतां आजचा प्रकार पाहा. नळ गळतो, पंखा बिघडतो, जेवण मागवावयाचें असतें. आपण मोबाइलवर बोट टेंकतों आणि घटकाभरांत कोणी तरी दारांत उभा राहतो. या मनुष्याचा प्रवेश कसा होतो? तो आपलीं ओळखीचीं कागदपत्रें देतो, फोटो देतो, बँकेचें खातें सांगतो, अटी मान्य असल्याची खूण करतो. मग कामें त्याच्या पडद्यावर येऊं लागतात. पाळी कोण लावतो हें तो पाहूं शकत नाहीं. दस्तुरी कापली जाते. तिला आतां कमिशन म्हणतात. गिऱ्हाइकानें दिलेल्या चांदण्या कमी झाल्या तर कामें आटतात, आणि एखाद्या सकाळीं पडदा उघडतच नाहीं. त्याचा मालक कोण, असें विचारलें तर उत्तर मिळतें, तो स्वतःच आपला मालक आहे. श्रोतेहो, हें उत्तर आपण मस्जिद बंदरच्या गल्लींत पूर्वीं ऐकलेलें आहे!

केंद्र सरकारच्या २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेंत अशा कामगारांची व्याख्या प्रथम आली. राजस्थाननें २०२३ सालीं त्यांच्यासाठीं एक कायदा केला. त्यांत कामगारांची नोंदणी, एक कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारामागें कांहीं आकार घेण्याची तरतूद आहे. नोंदवही, मंडळ आणि लेव्ही या तीन गोष्टी मुंबईच्या हमालांनीं अर्ध्या शतकापूर्वीं मागून घेतलेल्या होत्या, हें या कायद्याची बातमी वाचतांना मला आठवल्यावांचून राहिलें नाहीं.

या साऱ्या इतिहासांतून मला जें एक सूत्र दिसतें, तें सांगून मी आपली रजा घेतों. काम आणि कामकरी यांच्यामध्यें तिसरा हा राहणारच. मोठ्या शहरांत त्यावांचून चालत नाहीं. तो चांगला कीं वाईट, हें त्याच्या नांवावरून ठरत नाहीं. त्याला तीन प्रश्न विचारावेत. वही कोणाच्या हातीं आहे, आणि ती कामगाराला वाचतां येते कीं नाहीं? पैसा कोणाच्या हातून जातो, आणि वाटेंत काय कापलें गेलें हें त्याला कळतें कीं नाहीं? आणि नांव खोडलें गेलें, तर त्यानें कोणाच्या दारीं जावें? बलुत्याला पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं, मुकादमाला दुसऱ्याचें देतां आलें नाहीं. मंडळानें तिन्हींचीं उत्तरें देण्याचा यत्न केला, अडखळत कां होईना. मोबाइलच्या पडद्यामागें जो बसला आहे, त्यानें अद्याप तोंड उघडलेलें नाहीं.

उद्यां आपल्या दारीं एखादा असा तरुण येईल, तेव्हां त्याला पाण्याचा पेला तर आपण द्यालच. परंतु त्याचें नांवही एकदां विचारा. आणि तें त्याच्या कागदावर बरोबर लिहिलेलें आहे ना, एवढें त्याला पाहावयास सांगा. एका म्हाताऱ्या मास्तराची एवढीच विनंति आहे.